मामांची जुनी जीप घरी करायचीये? मग आधी पाणी कुठे थांबतंय ते शोध

तू लिहिलंयस की मामांची १९९१ ची महिंद्रा एमएम ५४० गुहागरजवळ मांगरात (बागेतल्या छपरात) नऊ वर्षं उभी आहे, इंजिन जाम, पत्रा खाल्लेला, चेसिस "बऱ्यापैकी बरी दिसते", हातात शनिवार-रविवार आणि थोडे पैसे, आणि ती घरीच उभी करायचीये. वर ऑलिव्ह ग्रीन रंग, दोन इंच लिफ्ट (म्हणजे गाडी तेवढी उंच करायची), ३१ इंची टायर, पुढे विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र). सुरुवात कुठून करू, असं विचारलंयस. मला काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको. मी देवगड बाजूचा, बावीस वर्षं गॅरेज चालवतोय, आणि त्यातल्या बऱ्याच चुका स्वतःच्या पैशाने केल्यात, म्हणून लांबलचक लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे तू जे व्हिडिओ बघून हे ठरवलंयस ते बहुतेक सगळे कोरड्या हवेतले आहेत. मंडी डबवालीच्या जीपा देशभर जातात, पण ती हरियाणा-पंजाबच्या सीमेवरची हवा, तिकडे गाडी दहा वर्षं उघड्यावर राहिली तरी वरचा रंग उडतो आणि खाली लोखंड शाबूत राहतं. आपल्याकडे वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि उरलेले आठ महिने खारा वारा. इथे गाडी वरून चकाचक दिसते आणि आतून कुजते, चुलीत घातलेल्या ओल्या लाकडाच्या उलट. त्यामुळे कोकणात जुनी गाडी दुरुस्त करायची म्हणजे खरं काम एकच, पाणी कुठे थांबतंय ते शोधायचं आणि त्याला बाहेर जायला वाट करून द्यायची. बाकी रंग, टायर, विंच हे सगळं नंतर. आमचा जुना फिटर, आता नाही तो, माझी पहिली जीप बघून एवढंच म्हणाला होता, "रंग मगे रे, आधी हाडां बघ."

पण हाडांच्याही आधी कागद. हे सगळ्यात कंटाळवाणं आहे म्हणून लोक शेवटी ठेवतात आणि मग दोन लाख घालून झाल्यावर कळतं की गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे मामांनी २००६ ला केलं असेल, २०११ ला, २०१६ ला, पुढे काय झालं ते आरसी बुक काढून बघ. रिन्यूअलला फॉर्म २५, नावावर करायला २९ आणि ३०, आणि मूळ मालक हयात नसेल तर वारसाचा ३१. पर्यावरण कर राहिला असेल तर तो, उशिराचा दंड असेल तर तो. फीचे आकडे मी देत नाही कारण ते बदलत राहतात, आरटीओत जाऊन विचार. आणि ऐक, चेसिस नंबर कुठे कोरलाय ते पहिल्याच दिवशी शोध, ब्रशने हलकेच साफ कर, कागद ठेवून पेन्सिलने छाप घे, फोटो काढ आणि मग त्यावर ग्रीस लावून मास्किंग टेप मार. ग्राइंडरवाला पोरगा उत्साहात तो नंबर घासून टाकतो आणि मग तुझी जीप म्हणजे अधिकृतपणे भंगार. मी असं झालेलं डोळ्यांनी बघितलंय, ती गाडी अजून एका माडाच्या बागेत उभी आहे, कोंबड्या राहतात तिच्यात.

आता हाडं. चेसिस "बरी दिसते" ह्याला काही अर्थ नाही, दिसण्यावर जाऊ नको, आवाजावर जा. छोटी हातोडी घे आणि पुढच्या बंपरपासून मागच्या हुकापर्यंत दोन्ही बाजू वीतभर अंतराने ठोकत जा. चांगलं लोखंड टण्ण वाजतं. आत पापुद्रे सुटलेले असले की भद्द वाजतं, कुजक्या नारळासारखं, एकदा कानाला कळलं की चुकत नाही. जिथे भद्द वाजेल तिथे जुना स्क्रू ड्रायव्हर जोरात खुपस. आत गेला तर गेला, वाईट वाटून घेऊ नको, आज कळलं ते बरं. जास्त करून सापडेल ते इथे: पाट्यांचे (खालच्या स्प्रिंगपट्ट्यांचे) हँगर जिथे चेसिसला रिव्हेट केलेत त्याच्या मागे, जिथे जिथे चॅनलला दुसरा पत्रा लावून बंद डबा केलाय तिथे, मागचा आडवा क्रॉस मेंबर, आणि स्टिअरिंग बॉक्सच्या माउंटिंगभोवती. ह्या सगळ्या जागांमध्ये एकच साम्य आहे, पाणी आत जातं आणि लाल माती आत बसते. आपली माती कोरडी झाली तरी आतून ओल धरून ठेवते, आणि चेसिसच्या डब्यात दोन-दोन किलो माती निघते. एका जीपमधून मी पाण्याच्या पाइपने एवढी माती काढली की घरातली म्हणाली, ह्यात अळू लाव.

भोकं ग्राइंडरने कापून नवीन पत्रा लावायचा, वरून ठिगळ नाही. ठिगळ म्हणजे दोन पत्र्यांमध्ये पाण्याला अजून एक खोली बांधून दिली. चेसिसला वेल्डिंग मात्र तू शिकता शिकता करू नको, चांगला वेल्डर आण, एक दिवसाची मजुरी दे. फ्लोअर, चाकावरचे मडगार्ड हे तू कर, त्यावर शीक. बॉडीला १८ गेजचा पत्रा पुरतो, सव्वा मिलिमीटरच्या आसपास, साधं आर्क वेल्डिंग त्याला भोकं पाडतं म्हणून सीओटूवालं (वायरने वेल्ड करणारं) मशीन भाड्याने मिळालं तर बघ, आणि एका टोकाकडून सलग ओढत जाऊ नको, इथे एक टिपका, तिथे एक टिपका, नाहीतर पत्रा पापडासारखा वाकतो. जी.आय. पत्रा गंजत नाही म्हणून लोक तोच वेल्ड करतात, त्याच्या जस्ताच्या पांढऱ्या धुराने रात्री थंडीताप भरतो, करायचाच असेल तर कडेचं जस्त घासून काढ आणि उघड्यावर बस. वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी काढायच्या. डिझेल टाकी गाडीतून उतरवून लांब ठेवायची. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त घातक असते, आत वाफ असते.

आणि एक अगदी आपल्याकडचीच चूक. गाडी उचलून खाली जांभ्याचे चिरे लावतात सगळे, कारण अंगणात पडलेलेच असतात. चिरा घराला चांगला, सगळीकडून सारखा भार असतो तेव्हा. एक्सलचा भार एका बोटभर जागेवर आला की तो ढेकळासारखा फुटतो, आणि आधी काही सांगून फुटत नाही. लोखंडी घोड्या घे, चार घे, खाली फळी टाक, शेणाने सारवलेल्या खळ्यात घोडी रुतते. शिवाय सुटं चाक चेसिसखाली आडवं ढकलून ठेव. तू एकटा शनिवार-रविवार काम करणार, घरातल्यांना ऐकू जाईल अशा वेळीच खाली शिर.

खोलायला लागशील तेव्हा प्रत्येक बोल्ट जाम असणार. डिझेलमध्ये जुनं गिअर ऑइल मिसळून तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी टाक, मग गरम कर, मग पाना, आणि रिंग पानाच, फिक्स पान्याने कोपरे झिजवू नको. चाकांचे नट सोडायच्या आधी स्टडच्या टोकावर इंग्रजी एल कोरलाय का बघ. जुन्या विलीजला आणि तिच्या वंशातल्या बऱ्याच जीपांना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असायचे. तुझ्या गाडीला असतील-नसतील, बघायला पैसे पडत नाहीत. मी माझ्या पहिल्या सीजे थ्रीबी जीपवर चार फुटी पाइप लावून पूर्ण ताकदीने तीन स्टड तोडले, तिसरा तुटल्यावर शेजारचा ट्रकवाला हसत म्हणाला की तू आवळतोयस. सुटे पार्ट फरसाणच्या पिशव्यांत, प्रत्येकीत कागद, आणि सोडायच्या आधी फोटो. तुला वाटतं लक्षात राहील. शिमग्यापर्यंत सुद्धा राहत नाही.

गंज काढायचं आता जरा सविस्तर सांगतो कारण इथेच सगळी गाडी टिकते की जाते ते ठरतं. छोटे पार्ट, म्हणजे बिजागऱ्या, ब्रॅकेट, पेडल, बोनेटचे हुक, ह्यांना घासत बसू नको. प्लॅस्टिकचं पिंप घे, पाण्यात लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा टाक, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह वायर पार्टला, पॉझिटिव्ह एका टाकाऊ लोखंडी पट्टीला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नको, रात्रभर ठेव. सकाळी गंजाचा काळा चिखल होतो, नायलॉन ब्रशने आणि पाण्याने निघतो, खालचं लोखंड तसंच राहतं. पट्टी स्टेनलेसची वापरू नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो म्हणून पडवीत नाही, उघड्यावर ठेवायचं, आणि पाटे, स्प्रिंगा, जास्त ताकदीचे बोल्ट ह्यात टाकायचे नाहीत, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात. रेडिएटरची वरची टाकी पितळी असेल तर तिला मात्र आमसुलाची सालं चोळ, तांब्याच्या हंड्याला चोळतात तशी. आमच्या आईने करून दाखवलं होतं, मी दोन दिवस कसलं कसलं केमिकल शोधत होतो.

मोठ्या बॉडीला आणि चेसिसला सँड ब्लास्टिंग करून घे. आणि इथे माझी सगळ्यात महागडी चूक सांगतो. २०११ ला मी एक जीप अशीच ब्लास्ट करून आणली, एका ओळखीच्या माणसाने स्वस्तात करून दिली, फेब्रुवारीत रंगवली, शिमग्याला गावभर फिरवली, लोकांनी फोटो काढले. गणपतीपर्यंत दारांवर आणि मडगार्डवर पुरळ यावं तसे बारीक फोड. एक फोडून बघितला तर आत पाणी. जिभेला लावलं, खारट. त्या माणसाने खाडीची वाळू वापरली होती. मिठाचे कण लोखंडात ठोकून बसवले आणि मी त्यावर महागाचा रंग मारून ते बंद केले, मीठ रंगातून हवेतली ओल आत ओढतं आणि खालून फोड उचलतं, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळं परत पत्र्यापर्यंत. तेव्हापासून मी दोन गोष्टी करतो: ब्लास्टिंगला वाळू नाहीच, ग्रिट (वाळूऐवजी मारायचे खरखरीत दाणे) वापरणाऱ्याकडेच जातो (वाळूची धूळ त्या कामगाराच्या फुप्फुसालाही खाते, ती कुठलीही असो), आणि घासायला सुरुवात करण्याच्या आधी सगळी गाडी विहिरीच्या गोड्या पाण्याने प्रेशरने धुतो, मग घासतो, मग परत धुतो. तुझी विहीर समुद्राला लागून असेल तर तीही चाखून बघ, उन्हाळ्यात मचूळ होते बऱ्याच ठिकाणी. तसलं पाणी वापरू नको, टँकर माग.

धुतल्यावर लगेच वाळव आणि त्याच दिवशी प्रायमर. आपल्याकडे उघडं लोखंड संध्याकाळी ठेवलं तर सकाळी पिवळं झालेलं असतं. प्रायमर इपॉक्सी, टू-पॅक, म्हणजे दोन डबे मिसळून मारायचा. रेड ऑक्साइड लोखंडी गेटला ठीक आहे, दर दिवाळीला परत मारता येतं, गाडीच्या चेसिसखाली कोण दर दिवाळीला शिरणार. लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरायचीच असेल तर इपॉक्सीच्या वर, उघड्या पत्र्यावर नाही, लांबी स्पंजासारखी ओल पिते. आणि बोटभर जाड लांबी भरणाऱ्या टिंकररपासून लांब राहा, त्याच्या हाताखाली पत्रा संपलेला असतो.

रंगाची वेळ. आपल्याकडे डिसेंबर ते मार्च, सकाळी अकरा ते दुपारी चार, बस. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर हवं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली, हे पेंटवाल्यांचं जगभरचं गणित आहे. साधी परीक्षा म्हणजे पत्र्यावर ओलं फडकं फिरव, पंधरा मिनिटांत तो पट्टा पूर्ण सुकला नाही तर आज रंग नको, चहा पी. जूनमध्ये "ताडपत्री बांधून करू" म्हणशील तर मी तुला ओळखत नाही. आणि टू-पॅक पीयू रंगात आयसोसायनेट असतं, तोंडाला रुमाल बांधून काही उपयोग नाही, चांगला कार्ट्रिज मास्क लागतो आणि हवा खेळती लागते, दमा कायमचा मागे लागतो. टॉपकोट तू पेंटरकडून मारून घे असंच मी म्हणेन, प्रायमर घरी. बरं, रंग बदलतोयस तर आरसीवर नोंद करून घ्यायला लागते, आणि ऑलिव्ह ग्रीन हा लष्कराचा रंग आहे, मोटार वाहन नियमांत खाजगी गाडीला चालत नाही. मामांचा मूळ रंग कुठला होता तोच मार, खरं सांगू, पांढरी जुनी जीप लाल मातीत जेवढी शोभते तेवढी दुसरी कुठली शोभत नाही.

रंगानंतर बंद डबे. चेसिसच्या प्रत्येक बंद भागाच्या सगळ्यात खालच्या बिंदूला पाणी जायचं भोक आहे का, ते उघडं आहे का बघ, नसेल तर आठ-दहा मिलिमीटरचं पाड, पण पाट्याच्या हँगरपासून लांब आणि चॅनलच्या कडेला नाही. मग आत कॅव्हिटी वॅक्स (बंद पोकळीत मारायचं पातळ मेण), लांब नळीने, खालच्या भोकातून ठिबकेपर्यंत. बॉडीच्या फ्लोअरखाली उलट्या टोपीसारखे आडवे पट्टे असतात, त्यांच्या आतही तेच, ते सगळ्यात आधी कुजतात आणि कुणी बघत नाही. आपल्याकडे जळकं ऑइल मारायची पद्धत आहे, फुकट मिळतं म्हणून. ते रबराच्या बुश फुगवतं, धूळ धरतं, आणि पहिल्या पावसात अर्धं अंगणात, तिथून विहिरीत. आमच्या बाजूचे जुने होडीवाले लाकडाला माशाचं तेल लावत, एकाने ते जीपच्या चेसिसला लावलं होतं, गंज खरंच कमी आला, पण बाजारात गाडी लावली की गावातली सगळी मांजरं खाली. फ्लोअरवर रबर मॅट चिकटवू नको, आणि चेकर्ड अॅल्युमिनियमची शीट थेट लोखंडावर रिव्हेट करू नको, दोन धातूंच्या मध्ये खारं पाणी आलं की बॅटरीच तयार होते. दिसायला भारी दिसते, दोन पावसाळ्यांनी उचलून बघ, खालचा फ्लोअर चाळणी.

इंजिनाबद्दल तू सगळ्यात जास्त घाबरलायस आणि मी सगळ्यात कमी. ते २११२ सीसीचं प्यूजोचं डिझेल आहे, साधं, गरीब स्वभावाचं. आधी ऑइल काढून बघ, पाणी आहे का. हीटर प्लग किंवा इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि ऑइल टाक, आठवडाभर मुरू दे, रोज थोडं, मग क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे. ओढून चालू करायचा प्रयत्न अजिबात नाही, जाम इंजिन गिअरमध्ये टाकून ओढलं तर काहीतरी तुटणारच. सुटलं आणि फिरायला लागलं की कॉम्प्रेशन बघ, त्यानंतरच ओव्हरहॉलचा विचार. मायकोचा डिझेल पंप आणि इंजेक्टर पंपवाल्याकडे दे, घरी खोलू नको. टाकीत मात्र नऊ वर्षांचं पाणी आणि शेवाळासारखा चिखल असणार, तो नवीन फिल्टरला एका दिवसात चोंदवतो, टाकी उतरवून आतून साफ. इंजिन बदलून दुसरं टाकायचं डोक्यात असेल तर काढ, परवानगीशिवाय ते चालत नाही आणि तुला गरजही नाही.

ब्रेक. इथे पैसे वाचवायचे नाहीत. व्हील सिलिंडरला आतून खड्डे पडलेले असतील, किट टाकून ते बरे होत नाहीत, नवीन टाक. लोखंडी ब्रेक पाइप क्लिपच्या खाली गंजतात, वरून चांगले दिसतात, क्लिप उचलून बघ, नाहीतर सगळेच नवीन कर, होजही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ नवीन असताना २०५ अंशाला उकळतं, ओल धरलेलं १४० ला, म्हणून आपल्या हवेत दर वर्षी बदल. हा आकडा मला फोंडा घाटात कळला. भरलेली जीप, चारही ड्रम, मी चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतो, मध्यावर पेडल खाली जाऊन फळीला टेकलं. पंपिंग केलं, थोडं आलं, परत गेलं. सेकंड टाकला, इंजिन किंचाळलं, डोंगराकडच्या गटारात चाक घातलं आणि थांबली. तेव्हापासून ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं. ओढ्यातून, साचलेल्या पाण्यातून बाहेर पडलास की ड्रम ओले असतात, लगेच ब्रेक लागत नाही, पाय हलका ठेवून थोडं अंतर चालव, मग भरवसा ठेव.

पुढच्या एक्सलचे नकल (चाक वळवणारे सांधे) बंद गोळ्याचे असतील तर त्याचं सील गेलं की आतल्या ग्रीसची लापशी होते, पांढरट. खोल, धू, किंगपिन बेअरिंगचा लूजपणा शिम टाकून काढ. ऐंशीच्या आसपास स्टिअरिंग गदागदा हलतं म्हणून लोक डँपर बसवतात, ते दुखणं बहुतेक इथलं असतं, नाहीतर टाय रॉड एंडचं. वायरिंग सगळं नवीन, जुनी वायर सोलून बघ, तांबं काळं पडलेलं असेल. प्रत्येक अर्थ पॉइंट घासून, आवळून, वरून ग्रीस. हेडलाइटला रिले. सीट, हुड हे तुला कुडाळ-चिपळूणला कुणीही करून देईल, त्यावर मी काही सांगत नाही.

आता तुझी लिफ्ट आणि टायर. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. बुल बार (बंपरपुढचा लोखंडी सांगाडा) तर २०१७ च्या डिसेंबरपासूनच केंद्राने बेकायदेशीर ठरवलाय. म्हणजे नूतनीकरणाला गाडी मूळ रूपात न्यावी लागते, आणि अपघात झाला की विमावाला टेप घेऊन येतो. हे झालं कायद्याचं. कायदा बाजूला ठेवला तरी, दोन इंच जास्त लांब शॅकल (पाटा चेसिसला टांगणारी कडी) टाकलं तर एक्सल एकच इंच उंच होतो, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं, आणि त्या बदल्यात कॅस्टर (पुढच्या चाकांच्या सांध्याचा कल) बिघडतो, प्रोपेलर शाफ्टचे कोन बिघडतात. ३१ इंची टायर म्हणजे साधारण २१५/७५ आर १५ पेक्षा बारा टक्के मोठा घेर, स्पीडोमीटर ५० दाखवेल तेव्हा तू ५६ ने जात असशील, त्या बिचाऱ्या इंजिनाला वर अजून उंच गिअर, आणि ड्रम ब्रेकला जास्त वजन थांबवायचं. गाडी उंच आणि अरुंद, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) ९१ इंच. आपल्या पाखाडीसारख्या वळणाच्या रस्त्यांवर ती उलटायला फार काही लागत नाही. आणि तुला जायचंय कुठे? सड्यावर (जांभ्याच्या माळावर), आंब्याच्या बागेत, ओढ्यापलीकडे. त्याला मामांची जीप जशी आहे तशीच पुरते. थकलेले पाटे वाकवून आण, नवीन बुश, नवीन शॉक, कंपनीच्या मापातले पण चांगल्या नक्षीचे टायर. एवढं केलंस की ती बसलेली गाडी आपोआप इंच-दीड इंच उठते, फुकटची लिफ्ट.

जे बदल मी खरंच करतो ते दिसत नाहीत. डिफ (डिफरन्शियल, एक्सलमधला गिअरचा डबा) आणि गिअरबॉक्सच्या श्वासनळ्या रबरी पाइपने उंच नेतो, कारण गरम डिफ गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढतो. डिझेल लाइनला पाणी वेगळं करणारा फिल्टर. पुढे-मागे चेसिसला धरलेले चांगले ओढायचे हुक. विंच घेऊ नको, एक जाड दोर आणि एक ओळखीचा ट्रॅक्टरवाला पुरतो. एअर क्लीनरच्या तोंडाची उंची लक्षात ठेव, डिझेलला ठिणगी लागत नाही म्हणून ते पाण्यातही चालत राहतं आणि लोकांना वाटतं काही होत नाही, पण पाणी एकदा सिलिंडरमध्ये ओढलं गेलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर माझ्याकडे आलेल्या गाड्यांत बुडून गेलेल्या कमी आणि नंतर घाईघाईने स्टार्टर मारून घालवलेल्या जास्त होत्या.

फोर व्हील डांबरावर लावू नको, मध्ये डिफ नाही, वळताना सगळा पीळ गिअरमध्ये साठतो. वाळूवर लागतं ते, पण गुहागरच्या किनाऱ्यावर गाडी घालू नको. नोव्हेंबरपासून मेपर्यंत तिथे कासवांच्या अंड्यांचा आणि पिल्लांचा हंगाम असतो, आणि तो विषय सोडला तरी एका संध्याकाळच्या फोटोसाठी वर सांगितलेलं सगळं मीठ तू स्वतःच्या हाताने परत चेसिसमध्ये भरतोयस.

वेळापत्रक: दिवाळीनंतर खोल, डिसेंबरात वेल्डर, जानेवारी-फेब्रुवारीत धुणं, ब्लास्टिंग आणि प्रायमर, मार्चच्या आत रंग. इंजिन, ब्रेक, वायरिंग पावसात, मांगरात बसून. येत्या गणपतीला गाडी चालवशील असं मामांना सांगू नको, त्याच्या पुढच्या गणपतीचं सांग. आता ह्या रविवारी एवढंच कर, पुढच्या डाव्या पाट्याच्या मागच्या हँगरजवळ चेसिस हातोडीने ठोक, आणि आवाज टण्ण येतो की भद्द ते मला कळव. टण्ण आला तर आपण पुढचं बोलू. भद्द आला तर आधी वेल्डर बघायला यायचा, बाकी काहीही विकत घेऊ नको.